अनवाणी राणी

तिरुपतीला केस देऊन आलेली बाई आपल्या गावात कुणाला नवी नाही. डोक्यावरचा पदर सावरत ती बाजारात येते आणि कुणी तिला काही विचारत नाही. नवस बोलली असणार, फेडून आली, एवढं सगळ्यांना न सांगता कळतं. मी आज जिच्याबद्दल लिहिणार आहे, ती बाईसुद्धा अशीच नवस फेडायला देवाच्या दारी आली होती. फक्त ती राणी होती, गाव होतं जेरुसलेम आणि साल होतं इसवी सन ६६.

तिचं नाव बेरेनिस. इतिहासाच्या पुस्तकांत तिची ओळख एका ओळीत उरकतात. रोमचा सम्राट टायटस याची ज्यू प्रेयसी. फ्रान्समध्ये १६७० साली रासीनने तिच्यावर नाटक लिहिलं, त्याच साली कॉर्नेयनेही लिहिलं, आणि दोघांनाही तिच्या आयुष्यातला तेवढाच तुकडा हवा होता. मीसुद्धा आधी तेवढंच वाचलं होतं. मग जोसेफस नावाच्या त्या काळच्या ज्यू इतिहासकाराचं पुस्तक हातात आलं. त्यात लढाया, वेढे, पुरुषांच्या लांबच लांब याद्या. आणि मध्येच एका पानावर ही बाई, अनवाणी, रोमन सुभेदारापुढे उभी. खरं सांगते, पुढची दहा पानं मी काय वाचली ते मला आठवत नाही.

आधी थोडं त्या मुलखाविषयी सांगायला हवं. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे कुठे खालसा मुलूख होता आणि कुठे कोल्हापूर, सांगली, औंधसारखी संस्थानं होती ना, रोमनांचाही ज्यूंच्या देशात तसाच कारभार होता. काही भागावर रोमहून आलेला सुभेदार, काही भागावर त्यांच्या मर्जीतला राजा. राजाने आपला दरबार भरवावा, पण रोमची खफा मर्जी झाली की गादी गेलीच. बेरेनिसचं घराणं हे असं संस्थानिकांचं. थोरला हेरोद म्हणजे तिच्या वडिलांचा आजा. त्याने जेरुसलेमचं मंदिर नव्याने बांधून डोळे दिपतील असं केलं, आणि घरात काय केलं, तर लाडकी राणी मरियम्ने हिला इसवी सनापूर्वी २९ मध्ये संशयावरून मारलं आणि इसवी सनापूर्वी ७ मध्ये तिच्या दोन मुलांचेही गळे आवळायला लावले. त्यातलाच एक अॅरिस्टोब्युलस, बेरेनिसचा आजोबा. अशा घरात इसवी सन २८ च्या सुमारास ही मुलगी जन्माला आली.

वडील अग्रिप्पा. रोममध्ये राजपुत्रांच्या संगतीत वाढलेला, हात सढळ आणि खिसा फाटका. कर्ज एवढं झालं, की एकदा मालाथा नावाच्या गावी बुरुजात जाऊन जीव द्यायच्या गोष्टी करू लागला. त्याला सावरलं ते बायकोने, सिप्रॉसने. नणंदेला तिने पत्र लिहिलं, मानापमान बाजूला ठेवून मदत मागितली. पुढे अलेक्झांड्रियात तिथला अलेक्झांडर नावाचा बडा ज्यू सावकार अग्रिप्पाला दोन लाख द्राख्मा उसने द्यायला साफ नाही म्हणाला. सिप्रॉसने शब्द टाकला तेव्हा दिले! ते पैसे घेऊन नवरा रोमला गेला आणि ही मुलांना घेऊन माघारी आली. नवऱ्याची पत संपली की बायकोच्या शब्दावर उधारी मिळते, हे आपल्याकडच्या बायकांना काही नवीन नाही. बेरेनिस तेव्हा आठेक वर्षांची होती. आईचा तो शब्द तिने ऐकला असेल की नाही कोण जाणे, पण घरात काय चाललंय ते आठ वर्षांच्या मुलीला कळतंच.

रोममध्ये अग्रिप्पा आधी तुरुंगात गेला. मग ३७ साली सम्राट बदलला, नव्या सम्राटाशी याची दोस्ती होती. त्याने याला तुरुंगातून काढलं, राजा केलं आणि हातातल्या लोखंडी साखळीच्या वजनाची सोन्याची साखळी भेट दिली. ४१ पर्यंत थोरल्या हेरोदाचा जवळजवळ सगळा मुलूख त्याच्या हातात आला. ती सोन्याची साखळी त्याने जेरुसलेमच्या मंदिरात वाहिली.

मुलगी १३ वर्षांची झाली आणि तिचं लग्न ठरलं. कुणाशी? ज्याने आईच्या शब्दावर कर्ज दिलं होतं त्या अलेक्झांडरच्याच मुलाशी, मार्कसशी. घर तालेवार होतं. जेरुसलेमच्या मंदिराच्या दरवाजांना सोन्या-चांदीचे पत्रे या सासऱ्यानेच दिले होते, आणि प्रसिद्ध तत्त्ववेत्ता फायलो हा त्याचा भाऊ. पण मार्कस लवकरच वारला. मग वडिलांनी तिला दिली आपल्याच सख्ख्या भावाला, काल्किसचा राजा हेरोद याला. म्हणजे तिच्या चुलत्याला. ऐकून अंगावर काटा येतो ना? ज्यू धर्मशास्त्रात भाचीशी, पुतणीशी लग्न चालत असे. रोमनांच्यात चालत नसे, पण ४९ साली सम्राट क्लॉडियसलाच आपल्या पुतणीशी लग्न करायचं होतं, तेव्हा कायदा बदलून घेतला. मोठ्यांचं असंच असतं.

४४ साली अग्रिप्पा सीझरिया शहरात अचानक वारला. बेरेनिस १६ वर्षांची, धाकट्या बहिणी मरियम्ने आणि द्रुसिला १० आणि ६ वर्षांच्या. इथला एक प्रसंग जोसेफसने लिहिलाय, तो सांगायला नको वाटतं, पण सांगते. सीझरिया अर्धं ग्रीक शहर, तिथे राजाच्या मुलींचे पुतळे उभे होते. (जेरुसलेममध्ये असं करायची कुणाची छाती नव्हती, ज्यूंच्या धर्मात मूर्तीच वर्ज्य.) राजा मेल्याचं कळताच तिथल्या लोकांनी आणि सैनिकांनी ते पुतळे उचलून वेश्यांच्या घरांवर नेऊन ठेवले आणि नाही नाही ते प्रकार केले. सगळ्यात लहान पोर सहा वर्षांची! राग होता राजावर, काढला मुलींवर. सम्राटाने त्या पलटणी दूर धाडायचा हुकूम काढला होता, पण त्यांनी मिनतवाऱ्या करून तो फिरवून घेतला. पुढच्या युद्धाचं बी याच पलटणींनी पेरलं, असं जोसेफस म्हणतो. बेरेनिसच्या बदनामीची सुरुवात मात्र तिथून झाली असं मी धरते. तोवर तिने काही म्हणता काही केलेलं नव्हतं.

नवऱ्याच्या घरी तिला दोन मुलगे झाले, बेरेनिसियानस आणि हिर्केनस. या नवऱ्याने सम्राटाकडून एक मोठा अधिकार मिळवला होता, जेरुसलेमच्या मंदिराची देखरेख आणि प्रमुख धर्मगुरू नेमण्याचा अधिकार. याचं महत्त्व कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. पुण्यातलं लाल देऊळ पुष्कळजणींनी बाहेरून तरी पाहिलं असेल. ते ज्यूंचं सिनेगॉग, प्रार्थनेची जागा. अशा जागा त्या काळीही गावोगाव होत्या. पण मंदिर म्हणाल तर ते एकच, जेरुसलेमचं. बळी तिथेच, मोठ्या सणांची यात्रा तिथेच. जगात कुठेही राहणारा ज्यू पुरुष दरवर्षी अर्धा शेकेल त्या मंदिराला पाठवायचा. तेव्हा तिथला प्रमुख धर्मगुरू कोण असावा हे ठरवणं म्हणजे साऱ्या ज्यू समाजाची नाडी हातात असणं. त्या मंदिरात बायकांना एका मर्यादेपर्यंत जाता येई. बायकांचं अंगण म्हणून मोठा चौक होता, त्याच्या पुढे पुरुष.

४८ साली चुलता-नवराही गेला. बेरेनिस वीस वर्षांची, दोनदा विधवा, पदरात दोन मुलं. ती भावाकडे राहायला आली. त्याचंही नाव अग्रिप्पाच. त्याला हळूहळू उत्तरेकडचा मुलूख मिळाला, आणि मंदिराचे अधिकारही त्याच्याकडे आले. त्याने लग्न केल्याची नोंद कुठे नाही. दरबारात त्याच्या शेजारी राणी म्हणून बसायची ती ही बहीण. झालं! भाऊ बिनलग्नाचा, बहीण विधवा, श्रीमंत आणि दिसायला देखणी, दोघं एका छताखाली. लोकांनी काय बोलायचं ते बोललं. आपल्या आळीत काय बोलले असते, तेच रोममध्ये बोलले, फक्त घाण जरा जास्त.

त्यावर तिने काय केलं? स्वतः हालचाल करून एक नवरा शोधला. पोलेमो नावाचा राजा. अट एकच, त्याने सुंता करून ज्यू व्हायला हवं. तो झाला. जोसेफसच्या मते तिच्या पैशाकडे बघून झाला. हे लग्न फार टिकलं नाही, बेरेनिसच त्याला सोडून आली. ज्यू शास्त्राप्रमाणे सोडचिठ्ठी द्यायची ती नवऱ्याने. पण हेरोदाच्या घराण्यातल्या बायका ते फारसं मानत नसत, थोरल्या हेरोदाच्या बहिणीनेही नवऱ्याला स्वतःच सोडचिठ्ठी पाठवली होती. बेरेनिस गेल्यावर पोलेमोने ज्यू धर्मही सोडून दिला. इथे मला ती काही फार आवडत नाही, हे मान्य करते. एका माणसाला धर्म बदलायला लावायचा, आणि मग तोंड बंद करण्यापुरतं वापरून निघून यायचं. पण पुन्हा वाटतं, की आधीची दोन लग्नं तिने कुठे ठरवली होती? हे एकच तिने ठरवलं आणि तिनेच मोडलं.

सन ६० च्या आसपास ती बायबलमध्येही येऊन जाते. ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पौल सीझरियात कैदेत होता. त्याची कैफियत ऐकायला भाऊ-बहीण मोठ्या थाटात सभागृहात आले. त्यात तिला बोलायला काही काम नाही. ती आली, बसली, उठली.

याच सुमारास एक मजेदार भांडण झालं, ते सांगायचा मोह आवरत नाही. जेरुसलेममध्ये या भावंडांचा वाडा होता, मंदिराच्या समोर, उंचावर. अग्रिप्पाने त्यात एक मोठी बैठक बांधून घेतली. तिथे जेवता जेवता लोळून खाली मंदिरात काय चाललंय ते दिसायचं. देवाला कुणी काय वाहिलं, पुजारी काय करतायत, सगळं. पुजाऱ्यांना हे खपलं नाही. त्यांनी मंदिराच्या बाजूला उंच भिंत घातली, राजाचा देखावा बंद! भिंतीमुळे रोमन शिपायांच्या पहाऱ्यालाही आड आलं, म्हणून सुभेदार फेस्टस भडकला आणि पाडा म्हणाला. तर पुजाऱ्यांची मंडळी थेट रोमला, नीरो बादशहाकडे. तिथे नीरोच्या राणीने, पोपियाने, त्यांची बाजू घेतली आणि भिंत राहिली. शेजाऱ्याच्या गच्चीवरून आपलं अंगण दिसतं यावरून आपल्याकडे कोर्टात गेलेली घरं मला माहीत आहेत, पण हे म्हणजे कहर. आणि त्यात एक खूणही आहे. ही भावंडं मंदिराची मालकी सांगत होती, पण मंदिरवाले त्यांना आपलं मानत नव्हते. रोमनांना ती ज्यू वाटायची आणि ज्यूंना रोमन.

आता ६६ साल. फ्लोरस नावाचा सुभेदार आला होता, लाचखाऊ आणि निर्दय. त्याने मंदिराच्या खजिन्यातून १७ टॅलेंट उचलले. टॅलेंट म्हणजे वजनाचं माप, एकेक टॅलेंट चांदी वीस-पंचवीस किलोंच्या वर भरते. लोक खवळले. काही टवाळ पोरांनी टोपली घेऊन बाजारात फेरी काढली, फ्लोरस बिचारा गरीब झालाय, त्याला चार पैसे वाढा म्हणून. फ्लोरस सैन्य घेऊन जेरुसलेमला आला आणि पोरं ताब्यात द्या म्हणून अडून बसला. शहरातल्या वडीलधाऱ्यांनी माफी मागितली, पण त्याने ऐकलं नाही. वरच्या बाजारपेठेवर त्याने शिपाई सोडले. घरात घुसून मारलं. लोकांना फटके मारून क्रुसावर चढवलं, त्यात रोमन सरदारकीचा दर्जा असलेले ज्यूही होते. बायका आणि तान्ही मुलं धरून एका दिवसात सुमारे ३,६०० माणसं मेली असं जोसेफस लिहितो.

बेरेनिस त्या दिवशी शहरात होती. भाऊ अलेक्झांड्रियाला गेलेला, इजिप्तच्या नव्या सुभेदाराचं अभिनंदन करायला. ती मात्र नवसासाठी इथे आली होती. आजारातून उठलेली किंवा संकटातून सुटलेली माणसं असा नवस करत. ३० दिवस मद्याचा थेंब घ्यायचा नाही, केस उतरवायचे आणि मंदिरात बळी अर्पण करायचे. या व्रतस्थांना नाझीर म्हणत. बायकांच्या अंगणाच्या एका कोपऱ्यात त्यांची खास खोली होती. तिथे बळीचं मांस शिजवायचं आणि उतरवलेले केस त्याच चुलीत टाकायचे अशी रीत. पुरुष करायचे तसंच हे व्रत बायकाही करत. तिने कशासाठी नवस केला होता, जोसेफसने लिहिलेलं नाही. त्याला ते महत्त्वाचं वाटलं नसेल. मला सगळ्यात आधी तेच विचारावंसं वाटलं. वय तिचं ३८.

तिने आधी आपले घोडदळाचे सरदार आणि अंगरक्षक फ्लोरसकडे पाठवले, कत्तल थांबवा म्हणून. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तो ऐकेना. मग ती स्वतः गेली, व्रतातली, अनवाणी. फ्लोरस न्यायासनावर बसलेला, ती खाली उभी. राणी म्हणून मान राहू दे, तिच्या डोळ्यांदेखत शिपायांनी पकडलेल्या लोकांना हाल करून मारलं. तिच्याही अंगावर ते धावून आले. ती कशीबशी पळून वाड्यात शिरली म्हणून वाचली, आणि ती रात्र तिने पहाऱ्यात, शिपाई आत घुसतील या भीतीत काढली.

बावीस वर्षांपूर्वी तिच्या पुतळ्याचे हाल करणाऱ्या त्याच पलटणी या. तिला ते आठवलं असेल का? मला तरी न आठवता राहिलं नाही.

एवढं झाल्यावर दुसरी कुणी उत्तरेला आपल्या मुलखात निघून गेली असती. हिने शहरातल्या पुढाऱ्यांच्या बरोबरीने सीरियाच्या वरिष्ठ सुभेदाराला, सेस्टियस गालस याला, फ्लोरसच्या तक्रारीचं पत्र लिहिलं. आईनेही असंच पत्र लिहिलं होतं, आठवतं ना? भाऊ परत आला. त्याने वाड्यासमोरच्या पटांगणात लोकांना जमवलं आणि बेरेनिसला वाड्याच्या गच्चीवर, सगळ्यांना दिसेल अशी उभी केली. मग लांबलचक भाषण केलं. रोमशी लढणं म्हणजे मरण, चीड फ्लोरसची असेल तर सम्राटाशी युद्ध कशाला, थकलेला कर भरा, पाडलेल्या पडव्या पुन्हा बांधा, असा सगळा मतलब. शेवटी त्याला रडू आलं आणि गच्चीवर तिलाही. भाषण त्याचं होतं, पण लोकांसमोर तिला उभं करायची गरज त्याला का वाटली? मला वाटतं, लोक त्याचं ऐकणार नाहीत हे त्याला माहीत होतं. ज्या दिवशी माणसं मेली त्या दिवशी तो नव्हता, ती होती.

आणि गंमत म्हणजे लोकांनी ऐकलं! पडव्या बांधायला घेतल्या, कराचे ४० टॅलेंट भराभर गोळा झाले. थोडे दिवस असे गेले की वाटावं युद्ध टळलं. पण मग अग्रिप्पाने नवा सुभेदार येईतो फ्लोरसचंच ऐका असं सांगितलं, आणि तिथे सगळं फिसकटलं. लोकांनी त्याला दगड मारून शहराबाहेर काढलं. ज्या माणसाने तुमच्या शेजाऱ्याला क्रुसावर चढवलं त्याच्यापुढे मान लववा, हे सांगायला अग्रिप्पाची जीभ कशी रेटली कुणास ठाऊक. मी त्या गर्दीत असते तर दगड उचलला नसता, पण उचलणाऱ्याचा हात धरला असता की नाही ते सांगता येत नाही.

पुढे भराभर घडलं. मंदिरात रोज सम्राटाच्या नावाने बळी दिला जायचा, तो तरुण पुजाऱ्यांनी बंद केला. रोमच्या लेखी ही उघड बंडाळी. मग बंडखोरांनी प्रमुख धर्मगुरूचं घर, अग्रिप्पाचा आणि बेरेनिसचा वाडा पेटवला आणि तिथून ते दप्तरखान्यात शिरले, सावकारांची कर्जरोख्यांची कागदपत्रं जाळायला. म्हणजे राग एकट्या रोमवर नव्हता, वाडेवाल्यांवरही होता. बेरेनिस वाडेवाली होती, हे विसरून चालणार नाही. गरिबांसाठी अनवाणी उभी राहिली तरी ती वाडेवालीच.

दोघं भावंडं रोमनांच्या बाजूला गेली. ६७ साली वेस्पासियन हा सेनापती बंड मोडायला आला. त्याचा २० दिवस पाहुणचार झाला तो अग्रिप्पाच्या राजधानीत, सीझरिया फिलिपीला. वेस्पासियनचा मुलगा टायटस बरोबर होता. तो २७ वर्षांचा, ही ३९ च्या घरात. त्या काळात तिने एक जीव वाचवल्याची नोंद आहे. टायबेरियसचा जस्टस नावाचा माणूस देहदंडाच्या शिक्षेसह भावाच्या ताब्यात दिला होता, तिच्या शब्दामुळे ती शिक्षा कैदेवर आली. ६९ साली वेस्पासियन सम्राट व्हायला निघाला तेव्हा तिने पैसा आणि वजन दोन्ही त्याच्या पारड्यात टाकलं.

७० साली मंदिर जळालं. वेढ्याचा सेनापती टायटस. त्याच्या हाताखाली मुख्य सरदार होता तो टायबेरियस अलेक्झांडर, म्हणजे बेरेनिसच्या पहिल्या नवऱ्याचा सख्खा भाऊ, जन्माने ज्यू, धर्म सोडलेला. ज्या दरवाजांना त्याच्या बापाने सोन्या-चांदीचे पत्रे दिले होते, ते त्याच्यासमोर वितळले. लढाईत ९७ हजार माणसं कैद झाली असा जोसेफसचा आकडा आहे. नंतर टायटसने सीझरिया फिलिपीला मुक्काम करून खेळ भरवले. कैद्यांना जनावरांपुढे टाकायचं, नाहीतर एकमेकांशी लढून मरायला लावायचं. ते तिच्या भावाचंच गाव. जे अर्ध्या शेकेलचं वर्षासन ज्यू पुरुष मंदिराला पाठवायचे, ते आता रोममधल्या ज्युपिटरच्या देवळासाठी भरायचं, आणि फक्त पुरुषांनी नाही, बायका-मुलांसकट सगळ्यांनी.

यानंतर टायटसच्या घरी राहायला जाणं! इथे मी अडते. कितीदा वाचलं तरी अडते. काहीजण म्हणतात प्रेम, काहीजण म्हणतात महत्त्वाकांक्षा, उरलेल्या समाजाला सम्राटाच्या घरात आपलं माणूस हवं होतं असंही कुणी म्हणतं. यातलं कुठलंही एक मला पुरत नाही. ७५ साली ती भावाबरोबर रोमला आली आणि टायटसबरोबर राजवाड्यात राहू लागली, बायकोसारखी वागू लागली. जेरुसलेमच्या मंदिरातला जांभळा पडदा आणि धर्मग्रंथाची गुंडाळी रोमनांनी लूट म्हणून नेली होती. ती त्याच राजवाड्यात ठेवल्याचं जोसेफस सांगतो. ती कधी त्या दालनापाशी गेली का? जोसेफस काही लिहीत नाही.

रोममध्ये तिचं वजन होतं. क्विंटिलियन नावाच्या त्या काळच्या नामांकित वकिलाने लिहून ठेवलंय, की बेरेनिस राणीच्या बाजूने त्याने खुद्द तिच्याच समोर खटला चालवला. न्यायाच्या जागी ती बसलेली! पण लोकांना ती नको होती. परकी, ज्यू, पन्नाशीकडे झुकलेली, आणि सम्राटाच्या वारसाशी लग्न करायला निघालेली. दोन फटकळ तत्त्ववेत्त्यांनी भर सभेत या जोडीवर तोंडसुख घेतलं. एकाला फटके बसले, दुसऱ्याचं डोकं गेलं. तेवढ्याने बोलणं काही थांबलं नाही. टायटसने तिला परत पाठवून दिलं. ७९ साली तो सम्राट झाला तेव्हा ती पुन्हा आली. त्याने पुन्हा पाठवलं. जाताना तिचीही इच्छा नव्हती आणि पाठवताना त्याचीही नव्हती, असं सुएटोनियस लिहितो. फ्रेंच नाटकवाल्यांनी उचलला तो एवढा धागा. दोन वर्षांनी टायटस वारला. ती कुठे गेली, कधी वारली, याची नोंद कुणी केली नाही.

एक गोष्ट मात्र मला फार खुपते. जोसेफसने दोन मोठे ग्रंथ लिहिले. युद्धाचा इतिहास आधी, तिचं वजन होतं त्या दशकात. त्यात अनवाणी उभी राहिलेली बेरेनिस आहे, आणि भाऊ-बहिणीच्या कुजबुजीचा शब्दही नाही. दुसरा ग्रंथ ९३-९४ सालचा. तोवर टायटस जाऊन बारा वर्षं झाली होती, ती कुणाच्याच उपयोगाची उरली नव्हती. त्यात ती कुजबुज आहे. माणूस तोच, लेखणी तीच. नंतर जुव्हेनल या कवीने तिच्या बोटातल्या हिऱ्याचा आणि भावाचा टोमणा मारला आणि लोकांनी तोच लक्षात ठेवला.

अथेन्समध्ये एक शिलालेख सापडलाय, तिथल्या सभेने आणि नागरिकांनी तिच्या सन्मानार्थ उभारलेला. ज्युलिया बेरेनिस, मोठी राणी, राजा अग्रिप्पाची मुलगी, शहरावर उपकार करणाऱ्या राजांच्या वंशातली, असं त्यावर कोरलंय. तिघांपैकी एकाही नवऱ्याचं नाव नाही, टायटसचं नाही, आणि भावाचंही नाही.